आठ गुंठ्यांचा हिशेब

हुबळीच्या देशपांडे नगरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना या वस्तीची ओळख करून देण्याचे कारण नाही. परंतु या मासिकाचे वाचक बेळगावपासून बडोद्यापर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत, म्हणून आरंभी दोन शब्द. सवाई गंधर्वांच्या नावाचे सभागृह याच वस्तीत आहे. २००९ साली निवर्तलेल्या विदुषी गंगूबाई हनगल यांचे ‘गंगालहरी’ हे घरही येथलेच. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा येथे एकाच ओट्यावर बसून बोलल्या गेल्या. बैठी किंवा फार तर एकमजली घरे, सभोवती गडग्याचे कुंपण, पुढे तुळशीवृंदावन, मागे विहीर आणि एखादे आंब्याचे झाड, असे या वस्तीचे जुने रूप होते.

ते रूप आता झपाट्याने पालटत आहे. गेल्या काही वर्षांत आमच्याच गल्लीत, जिला इकडे ओणी म्हणतात, तीन घरे पाडली गेली आणि त्या जागी तीन उंच इमारती उभ्या राहिल्या. या बदलाविषयी अश्रू ढाळण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. माणसे वाढली की घरे वाढणार. जुन्या घरांची कौले गळतात, वाटण्या होतात, मुले परगावी जातात आणि म्हातारपणी एवढा पसारा आवरत नाही. या सर्व गोष्टी आम्हांला पुरत्या ठाऊक आहेत. कारण आता वेळ आमच्याच घरावर आली आहे. परंतु त्याविषयी पुढे सांगू.

प्रथम एक साधा प्रसंग. शेजारच्या नव्या इमारतीत तळमजल्यावर गाड्या उभ्या करण्याची जागा आहे. शाळा सुटल्यावर इमारतीतली दहा-बारा मुले तेथे क्रिकेट खेळू लागली. आठ दिवसांत एका गाडीची काच फुटली. दुसऱ्या दिवशी खांबावर कन्नड व इंग्रजी या दोन्ही भाषांत पाटी लागली : ‘येथे खेळण्यास मनाई आहे.’ मुले दोन दिवस जिन्यात बसली, तिसऱ्या दिवशी रस्त्यावर उतरली आणि चौथ्या दिवशी, एका मोटारसायकलवाल्याच्या शिव्या खाऊन, आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. त्यांतला एक धीट मुलगा म्हणाला, “काका, तुमच्या अंगणात खेळू का? झाडांना चेंडू लावणार नाही.”

आईने आतूनच होकार दिला. त्या दिवसापासून आमचे अंगण ही त्या इमारतीची बाग झाली आहे. पारिजाताखाली यष्ट्या रोवल्या जातात. लहान मुली एका कोपऱ्यात लंगडी घालतात. चेंडू झाडांना रोज लागतो.

ही मुले पूर्वी कोठे खेळत होती, असा प्रश्न आमच्या मनात आला आणि उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी पूर्वी अंगण होते. कोणाचे आजोबांचे घर पाडले गेले होते, कोणी जुन्या हुबळीतला वाडा सोडून आले होते. बागेची गरज त्यांना पूर्वी नव्हती, कारण बाग घरातच होती. घर नवे झाले आणि बागेची गरज जन्मास आली. नगररचनेच्या चर्चेत लोकसंख्या वाढली म्हणून उद्याने हवीत असे म्हटले जाते. ते खरे असले तरी अर्धेच आहे. माणसांची संख्या तीच राहिली असती, तरीही नुसते अंगण गेल्यामुळे उद्यानाची मागणी वाढली असती.

आम्ही पेशाने मास्तर. म्हणून हा विचार नुसता मनात न ठेवता कागदावर मांडून पाहिला. आमच्या घराची जागा आठ गुंठे आहे. त्यांपैकी सुमारे अडीच गुंठ्यांवर घर आहे. साडेपाच गुंठे मोकळे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा मोकळी जागा साडेपाचशे चौरस मीटरांच्या आसपास भरते. घरात आई, आम्ही उभयता आणि दोन मुले अशी पाच माणसे. माणशी ११० चौरस मीटर मोकळी जमीन! एवढी चैन कोणत्याही शहराला परवडणार नाही, हे आम्हांला मान्य आहे.

आता याच आठ गुंठ्यांवर, बिल्डर म्हणतात त्याप्रमाणे, सोळा सदनिका झाल्या असे समजा. घरटी चार माणसे धरली तर चौसष्ट माणसे होतात. सभोवती जी पट्टी सुटेल तिच्यावर फरशी बसेल आणि तेथे गाड्या फिरतील. केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाने २०१४ साली जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत शहरातील मोकळी जागा माणशी १० ते १२ चौरस मीटर असावी असे सुचविले आहे. कमीत कमी आकडा घेतला, तरी चौसष्ट माणसांना ६४० चौरस मीटर, म्हणजे सव्वासहा गुंठे मोकळी जागा हवी. याचा अर्थ असा की, आमचे घर पाडून होणारी इमारत आठ गुंठ्यांवर उभी राहील आणि सव्वासहा गुंठ्यांची बाग शहराकडे मागेल. ती बाग कोठून यावयाची? जमिनीचा तुकडा तर वाढत नाही.

हिशेब येथेच संपत नाही. अशा इमारती वाढल्या म्हणजे वस्तीतील जमिनीचा भाव चढतो. भाव चढला की उरलेल्या मोकळ्या जागेकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. कालपर्यंत जे पडीक मैदान होते, ते आज ‘वाया जाणारी जागा’ ठरते. म्हणजे ज्या घडीला बागेची गरज सर्वाधिक असते, त्याच घडीला बागेसाठी जागा मिळणे सर्वांत कठीण होऊन बसते. पुनर्विकासातील खरा पेच हा आहे.

हुबळीकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. दुर्गदबैल हा आपला गजबजलेला बाजार. तेथे सणासुदीला पाऊल ठेवायला जागा नसते. पण नावाचा अर्थ पाहावा : ‘बैल’ म्हणजे कन्नडमधील ‘बयलु’, मोकळे मैदान, दुर्गदबैल म्हणजे किल्ल्यासमोरचे मैदान. मैदान गेले, नाव तेवढे उरले.

मोकळ्या जागेची किंमत माणसाला बहुधा संकटात कळते. १८९८ साली हुबळीत प्लेगने थैमान घातले होते. हाफकिन यांची लस तेव्हा या गावात फार मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. त्याच साथीच्या धक्क्याने हिंदुस्थानातील शहरांना दाट वस्तीचा धोका उमगला. मुंबईत १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि पुढे त्याने दादर-माटुंग्याची वस्ती आखली. त्याच वर्षी बंगळुरात मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या वसाहतींचा आरंभ झाला. रुंद रस्ते, झाडे आणि मधूनमधून मैदाने ही या वसाहतींची वैशिष्ट्ये. दादरचे मोठे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या त्या मैदानाने मराठी माणसाला क्रिकेट दिले, सभा दिल्या आणि म्हाताऱ्यांना बसायला कट्टा दिला. महाराष्ट्राबाहेर पाहू गेल्यास बडोद्याची सयाजीबाग आहे. १८७९ साली साकारलेल्या शंभराहून अधिक एकरांच्या त्या बागेचे उपकार बडोदेकर आजही मानतात. त्या पिढीने शहर वाढण्याच्या अगोदर जागा राखून ठेवल्या. आम्ही मात्र शहर वाढल्यावर जागा शोधत आहोत.

बागेमुळे भोवतालच्या जमिनीचा भाव वाढतो, हेही जुनेच सत्य आहे. इंग्लंडमधील बर्कनहेड गावी १८४७ साली जोसेफ पॅक्स्टन यांनी रचलेले सार्वजनिक उद्यान खुले झाले. त्याच्या भोवतीचे भूखंड घरांसाठी विकून खर्च भागविण्याची योजना होती. ते उद्यान पाहून गेलेल्या फ्रेडरिक ओल्मस्टेड यांनी पुढे सहकाऱ्यासह न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. बागेमुळे भाव वाढतो, म्हणून पुनर्विकासही बागेच्या कडेलाच आधी पोहोचतो. ‘उद्यानासमोर’ ही दोन अक्षरे जास्त असली की सदनिकेची किंमत चढते. शिवाजी पार्कभोवतीच्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींच्या जागी आता मनोरे उठत आहेत. मैदान तेवढेच राहते आणि त्यावर हक्क सांगणारी माणसे वाढत जातात.

मुंबईच्याच गिरणगावाची कथा याहून बोधप्रद आहे. बंद पडलेल्या कापडगिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यभागी होती. १९९१ च्या नियमानुसार, गिरणी पाडून जागेचा विकास करावयाचा झाल्यास एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकासाठी अशी ढोबळ वाटणी होती. २००१ साली नियमात बदल झाला आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, जेवढी जमीन आधीच रिकामी होती तेवढ्यापुरतीच उरली. गिरणीची जागा तर शेड आणि चिमण्यांनी व्यापलेली. रिकामी ती केवढीशी असणार! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निर्णय दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि बदललेला नियम कायम राहिला. चार शब्दांच्या फेरफाराने शहराच्या वाट्याची बाग कशी आकसते, हे नागरिकांनी यावरून शिकावे.

पण न्यायालयाचे दार ठोठावून बाग वाचविल्याचेही उदाहरण आहे आणि ते आपल्या कर्नाटकातीलच आहे. बंगळुराच्या सदाशिवनगर भागात आराखड्यात उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रुग्णालय हे लोकोपयोगी काम नाही, असे कोण म्हणेल? तरीही तेथील रहिवासी लढले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. उद्यानासाठी राखलेली जागा ही राज्यकर्त्यांच्या मर्जीची बाब नाही आणि तिच्यासाठी दाद मागण्याचा हक्क त्या भागातील साध्या रहिवाशालाही आहे, हे या निकालाचे सार होय. त्यापूर्वी १९८५ साली कर्नाटकाने उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला होता. अशा जागांची यादी स्थानिक संस्थांनी करावी आणि त्यांचा अन्य कामासाठी वापर होऊ नये, असा त्याचा आशय. आपल्या वॉर्डातील कोणत्या जागा त्या यादीत आहेत, याची चौकशी किती जणांनी केली आहे? आम्हीही आजवर केली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

आणखी एक निकाल पुनर्विकासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबईत इमारतीच्या वाहनतळाच्या छपरावर, ज्याला पोडियम म्हणतात, चार कुंड्या व कृत्रिम हिरवळ ठेवून ‘मनोरंजनाची मोकळी जागा दिली’ असे दाखविण्याची रीत पडली होती. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नियमाने किमान जेवढी मोकळी जागा सोडावयाची, ती जमिनीवरच असली पाहिजे. झाडाला मुळे लागतात आणि मुळांना माती लागते. जे आमच्या आईला उपजत ठाऊक होते, ते शहरांना कोर्टाकडून ऐकावे लागले.

आता आपल्या गावाकडे वळू. हुबळी आणि धारवाड यांची महापालिका १९६२ मध्ये एक झाली. २०१६ साली या जुळ्या शहरांची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि त्यानंतर तोळनकेरेसारख्या तळ्याच्या काठी फिरण्याच्या वाटा आणि व्यायामाची साधने आली. इंदिरा काचघराची बाग, उणकलचे तळे, नृपतुंग टेकडी ही गावाची जुनी फिरण्याची ठिकाणे आहेतच. धारवाडकरांना आझाद पार्क आहे आणि कविवर्य बेंद्रे यांच्या वास्तव्याने पावन झालेले साधनकेरी आहे. दुसऱ्या बाजूने, हुबळी-धारवाड रस्त्यावर जलद बससेवेसाठी सुमारे बावीस किलोमीटरांचा मार्ग रुंद करताना अनेक जुनी झाडे गेली. प्रवास सुकर झाला, सावली गेली. हिशेबाच्या वहीत दोन्ही रकमा लिहिल्या पाहिजेत.

मोठ्या बागा सुंदर झाल्या, याचा आम्हांला आनंद आहे. पण त्या रविवारच्या बागा आहेत. तेथे वाहनाने जावे लागते, बरोबर वडील माणूस लागते, काही ठिकाणी तिकीट लागते. नऊ वर्षांचे मूल शाळेतून आल्यावर दप्तर टाकून एकटे पळत जाईल अशी जागा, आजी काठी टेकीत पोहोचेल अशी जागा, ही रोजची बाग. अंगणाची जागा रविवारची बाग भरून काढू शकत नाही. दूरच्या वीस एकरांपेक्षा ओणीच्या तोंडाशी असलेले दहा गुंठे मुलाला अधिक उपयोगी पडतात. पुनर्विकासाने जी मागणी वाढते, ती या दहा गुंठ्यांची.

शिवाय जागा अपुरी पडली की माणसे एकमेकांवर उठतात. सकाळी फिरणारे वृद्ध म्हणतात, मुलांच्या चेंडूचा त्रास होतो. मुले म्हणतात, बाके उचला. माळी म्हणतो, हिरवळीवर कोणी चालू नका. या ओढाताणीत मुली गुपचूप बाहेर पडतात. अंगणात आईच्या नजरेखाली खेळणारी मुलगी अनोळखी मैदानावरच्या मुलांच्या गर्दीत सहसा जात नाही. ती घरात बसते. पुनर्विकासात अंगण गमावल्याची सर्वांत मोठी किंमत मुली आणि म्हाताऱ्या स्त्रिया मोजतात आणि त्या सभेत भाषण करीत नाहीत, म्हणून ती कोठे नोंदली जात नाही.

येथवर इतरांना उपदेश झाला. आता स्वतःचा दोष सांगतो. आम्ही ज्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक आहोत, तिला बरे मैदान आहे. काही वर्षांपूर्वी सुटीच्या दिवशी कोणी वर्गाच्या खिडक्या फोडल्या, ओसरीवर पत्त्यांचा डाव मांडला. आम्ही संतापून फाटकाला कुलूप ठोकले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. शिपायाला ताकीद दिली की, पाचनंतर चिटपाखरूही आत येता कामा नये. त्या वेळी आम्हांला वाटले की, आपण शाळेची मालमत्ता राखली. आमच्या अंगणात मुले येऊ लागल्यानंतर एका संध्याकाळी आईने सहज विचारले, “अरे, तुझ्या शाळेचं मैदान एवढं मोठं, ही पोरं तिकडे का जात नाहीत?” आम्हांला उत्तर देता आले नाही. खिशातली किल्ली जड झाली.

गेल्या शैक्षणिक वर्षापासून आम्ही शाळा-समितीची संमती घेऊन संध्याकाळी पाच ते सात फाटक उघडे ठेवतो. पालकांपैकी दोघे-दोघे पाळीने थांबतात. पहिला अर्धा तास मुलींचा, असा नियम केला आहे. आतापर्यंत एक कौल आणि दोन काचा फुटल्या. त्यांचा खर्च पालकांनी वर्गणी करून दिला. ज्या इमारतींतील मुले मोठ्या शुल्काच्या शाळांत जातात, तीही आता सरकारी शाळेच्या मैदानावर आमच्या विद्यार्थ्यांबरोबर लगोरी खेळतात. हा लाभ आम्ही योजिलेला नव्हता. प्रत्येक वस्तीत एखादी शाळा असते आणि संध्याकाळी तिचे मैदान रिकामे असते. नवी जमीन विकत न घेता मिळणारी ही बाग आहे. तिला फक्त एक किल्ली आणि थोडी जबाबदारी लागते.

आता आमच्या घराविषयी. पुण्यास असलेले धाकटे बंधू आणि बंगळुरास असलेली बहीण यांचाही या वास्तूवर हक्क आहे आणि दोघांनाही पैशाची खरी निकड आहे. घर राखू असा हट्ट धरणे म्हणजे त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर आपल्या आठवणींचे ओझे लादणे होय. म्हणून आम्ही विरोध केला नाही. आईनेही केला नाही, ती एवढेच म्हणाली, “सडा घालायला दोन हात माती ठेवा.”

त्या दोन हात मातीवरून आम्ही बिल्डरला एक अट घातली आहे. सोळाऐवजी चौदाच सदनिका व्हाव्यात, मागचे आंब्याचे झाड राखावे आणि त्याच्या भोवतीचे दीड गुंठा जमीन फरशीवाचून, गाडीवाचून, मातीचीच राहावी. आणि तेथे खेळण्यास मनाई करणारी पाटी लावता येणार नाही, हे करारात लिहावे. यामुळे आम्हां तिघा भावंडांच्या वाट्याला येणारी रक्कम बरीच कमी होते. बहिणीने लगेच होकार कळविला. बंधूंचे पत्र अद्याप आलेले नाही. त्यांची अडचण मोठी आहे, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही.

दीड गुंठ्याने चौदा कुटुंबांची गरज भागणार नाही, हे गणित आम्हीच वर मांडले आहे. उरलेली बाग नगराला द्यावी लागेल आणि ती मागण्यासाठी आम्हां सर्वांना वॉर्डाच्या कचेरीत जाऊन ती यादी पाहावी लागेल. पुढल्या महिन्यात ओणीतली आम्ही पाच-सहा माणसे जाणार आहोत. तोवर संध्याकाळी पारिजाताखाली यष्ट्या रोवल्या जातात आणि चेंडू झाडाला लागला की फुलांचा सडा पडतो. मुले क्षणभर थांबून आईकडे पाहतात. ती हसली की पुन्हा डाव सुरू होतो.